पश्चिमेच्या खिडकीला पडदा घेताय? आधी हे बघा

नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा घरात सगळ्यात जास्त त्रास देते ती पश्चिमेची खिडकी, कारण दुपारनंतर सूर्य खाली येतो आणि वरचा छज्जा काहीच कामाचा राहत नाही. म्हणून पैसे तिथेच घाला, उत्तरेच्या खिडकीला साधा पडदा चालतो.

ऊन काचेच्या बाहेरच अडवलं तर बेस्ट, एकदा काचेतून आत आलं की पडदा तापतो आणि ती गरमी खोलीतच फिरते. बाल्कनी किंवा ग्रिल असेल तर बाहेरून बांबूची चिक नाहीतर ग्रीन नेट लावा, वाळ्याची ताटी मिळाली तर सोन्याहून पिवळं, पण पाणी मारत राहावं लागतं आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत तिचा फारसा उपयोग नाही.

आतून लावायचाच असेल तर जाड ब्लॅकआऊट (उजेड आत येऊ न देणारा) पडदा घ्या, काचेकडची बाजू पांढरी हवी, गडद नको. रॉड खिडकीपेक्षा दोन्हीकडे चार-सहा इंच लांब घ्या, पडदा खाली टेकू द्या, फटी राहिल्या की अर्धं काम वाया. नेटचे शीअर पडदे दिसतात मस्त, बाकी शून्य.

आणि हो, कूलर चालू असताना सगळं गच्च बंद करू नका, हवा बाहेर जायला एक खिडकी उघडी लागतेच, ती सावलीतली ठेवा.