नवऱ्याला पाण्यातून वर घ्यायची तयारी

पावसाळ्यात बाहेर काढून ठेवलेली बोट ऑक्टोबरात पुन्हा पाण्यात उतरली, की रंग, शिडं, बॅटरी हे सगळं नवरा बघतो. माझ्याकडे एकच खातं आहे: तो पाण्यात पडला तर त्याला वर कसं घ्यायचं. मुंबई बंदरात आम्ही बहुतेक दोघंच असतो. तो 84 किलोचा, मी 56. बोट 26 फुटी असली तरी तिची बाजू पाण्यापासून मीटरभर उंच आहे. बोट वळवून पडलेल्या माणसापाशी परत कशी आणायची, ते शिकवणारे पुष्कळ भेटले. तो बाजूला येऊन लोंबकळायला लागल्यावर काय करायचं, ते मात्र आम्हाला आमचंच शोधावं लागलं.

आधी न पडण्याचं बघू, ते लवकर आटपतं. नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, कॉकपिटपर्यंत, म्हणजे मागच्या बसायच्या खोलगट जागेपर्यंत, कमरेची दोरी अडकवायला डेकवर चपटा पट्टा ताणलेला हवा. गोल दोर पायाखाली गडगडतो. उन्हाने पट्ट्याची शिवण कुजलीय का ते नखाने खरवडून बघा. कमरेची दोरी इतकी आखूड ठेवा, की घसरलं तरी माणूस कठड्याच्या आतच राहील. नौदलाचे दिलीप दोंदे 2009-10 मध्ये ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीवरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. एकट्याच्या बोटीवर मागे वळायला कोणीच नसतं. दोघांच्या बोटीवर एक पडला की दुसराही एकटाच उरतो, हे आमच्या डोक्यात फार उशिरा शिरलं.

लाइफजॅकेटचा जांघेतला पट्टा आवळलेला हवा, नाहीतर ओढताना जॅकेट डोक्यावरून निघून हातात येतं. आपोआप फुगणारं असेल तर गॅसची नळी पिळून घट्ट करा आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून तिच्यावर लिहिलेल्या वजनाशी ताडून बघा. फेकायचा तरंगता दोर पिशवीत, पिशवी कॉकपिटमध्ये, सुकाणू न सोडता हात पोचेल अशी. लॉकरच्या तळाशी, उश्यांखाली असेल तर तो नसल्यातच जमा.

नजरेचा अंदाज घ्यायला एक नारळ टाकून बघा. पाच नॉटने चाललेली बोट मिनिटात दीडशे मीटर पुढे जाते, आणि आपल्या बंदराच्या मातकट पाण्यात तेवढ्यात नारळ दिसेनासा होतो. माणसाचं डोकं त्याहून फार मोठं नसतं. म्हणून पहिली हाक, लगेच जागा नोंदवायचं जीपीएसचं बटण, आणि हाताला येईल ते तरंगणारं पाण्यात. बोटीवरचा व्हीएचएफ रेडिओ 16 नंबरच्या चॅनलवर, तटरक्षक दलाचा 1554 फोनमध्ये आणि फोन जलरोधक पिशवीत. माणूस सापडेपर्यंत थांबू नका, आधी कळवा. सापडला तर तसं सांगता येतं.

आता उचलणं. पहिल्या वर्षी मुरिंगवर, म्हणजे तळाशी नांगरलेल्या बोयाला, बोट बांधलेली असताना नवरा जॅकेट घालून पाण्यात उतरला आणि मी नुसत्या हातांनी ओढून पाहिलं. त्याच्या काखा कठड्याच्या निम्म्यापर्यंत आल्या, पुढे नाही. पाण्यात माणूस हलका वाटतो. बाहेर यायला लागला की त्याचं वजन आणि कपड्यांतलं पाणी, दोन्ही एकदम हातावर येतं.

म्हणून चार पदरी कप्पी. वरची कप्पी मेनसेलच्या हॅल्यार्डला (मोठं शीड वर चढवायच्या दोराला), खालची जॅकेटच्या उचलायच्या फासात, मोकळं टोक जिबच्या (पुढच्या शिडाच्या) विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या हँडलच्या चरकावर. पण दुसऱ्या वर्षी तीही फसली. नवरा कमरेपर्यंत वर आला आणि ओरडला, “अगं, कप्पीला कप्पी टेकली!” वरची कप्पी मी फार खाली लावली होती. आता हॅल्यार्डवर लाल दोरा बांधलाय, तो विंचपाशी आला की कप्पी डेकपासून तीन मीटर वर गेलेली असते. कप्पी साडेतीन मीटर लांबवायची तर नुसत्या पदरांतच 14 मीटर दोर जातो, शिवाय विंचपर्यंतचा वेगळा. घ्याल तो ऐसपैस घ्या.

हे हॅल्यार्ड मोकळं करायचं म्हणजे मेनसेल खाली येणार आणि डेकभर पसरणार. ते बांधायला दोन पट्टे खिशात ठेवा. कठड्याच्या तारेचं एक टोक शॅकलऐवजी (धातूच्या कडीऐवजी) बारीक दोरीने बांधलंय, शेजारी सुरी आहे. वेळ आली की कापायची आणि माणूस मधून आत घ्यायचा.

क्रम मात्र पाठ हवा. माणूस जवळ आला की आधी त्याला बोटीला बांधा, मग उचलायचं बघा. तो बोटीच्या मध्यावर हवा, मागे नको. लाटेत मागचं तोंड वर जाऊन धाडकन खाली आपटतं, तिथे शिडीपाशी डोकं फुटेल. इंजिन न्यूट्रलला. सुरू करण्याआधी पाण्यात दोर लोंबतोय का बघा, पंख्यात गेला तर दोघंही अडकलात. शांत पाण्यात शिडी उत्तम, पण ती पाण्यातून ओढून उघडता येते का, हे पाण्यात उतरूनच तपासा. आमची येत नव्हती.

तो बराच वेळ पाण्यात असेल किंवा गळून गेला असेल तर शक्यतो आडवा उचला. उभा उचलला की रक्तदाब एकदम उतरू शकतो. त्यासाठी आम्ही छोटं वादळी शीड ठेवतो. एक कड डेकला अडकवायची, शीड पाण्यात सोडायचं, माणूस त्यात आला की मोकळं टोक हॅल्यार्डने वर. तो गुंडाळीसारखा लोळत आत येतो. दिसायला विनोदी, पण जॅकेटचा फास काखेत काचतो तसा हा काचत नाही. नाकातोंडात पाणी गेलं असेल तर “मला काही झालं नाही” हे ऐकून घ्या आणि तरी डॉक्टरांकडे न्या.

सरावाला अष्टमीच्या आसपासचा दिवस धरा. भांगाच्या, म्हणजे छोट्या भरती-ओहोटीच्या, पाण्याला ओढ कमी, आणि भरती पूर्ण होऊन पाणी थांबलं की काम सुरू. उधाणाच्या ओहोटीत हा खेळ नको. यंदा विंचचं हँडल ते ठेवायच्या कप्प्यात नव्हतं, शोधण्यातच तीन मिनिटं गेली. ते आता दोरीने बांधून टाकलंय. पुढच्या रविवारी मी पाण्यात, कप्पी त्याच्या हातात.