पावसाळी सल्ला: कास धुतली, पण पुसली का?

झड लागली की गोठा वाळत नाही. दूध नासतं किंवा डेअरीतून परत येतं ते याच दिवसांत. दोष खाद्याला दिला जातो. मी पाहिलेल्या बहुतेक गोठ्यांत कारण एकच होतं: कासेवर तांब्याभर पाणी ओतायचं आणि ओल्या कासेनंच धारेला बसायचं.

निरोगी कासेतून निघणाऱ्या दुधात जिवाणू फार थोडे असतात. वरून पाणी ओतलं की शेणमाती ओघळून सडांच्या टोकाशी येते आणि तिथून थेंब थेट बादलीत किंवा यंत्राच्या कपात पडतो. अशा ओल्या कासेपेक्षा न धुतलेली कोरडी, स्वच्छ कास कितीतरी बरी. पाणी फक्त मळलेल्या सडांना लावा, तेही थोडं. मग सड टोकापर्यंत कोरडे पुसा. पुसल्यावर सडाचं टोक पांढऱ्या कापडावर टेकवा. डाग उमटला तर परत पुसा. ही माझी गोठ्यातली परीक्षा आहे, प्रयोगशाळेची नाही, पण मी तिच्यावर विसंबतो.

बाकीची कामं:
- हात साबणाने धुणे, कोरडे करणे
- पहिल्या 3-4 धारा वेगळ्या कपात. गुठळ्या दिसल्या तर ते दूध बाजूला
- दगडी (कासेला सूज आणणारा आजार) झालेलं जनावर शेवटी
- धारेनंतर सड 0.5 टक्के आयोडीनच्या द्रावणात बुडवणे
- लगेच वैरण. जनावर निदान अर्धा तास उभं
- भांडी आधी कोमट पाण्याने, मग डिटर्जंट व गरम पाण्याने, उलटी वाळत

दूध 2 तासांच्या आत 4 अंश सेल्सिअसवर आणा. कोमट दुधात जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकतात. थंडीने त्यांची वाढ मंदावते, आधीच पडलेले मरत नाहीत. ओल्या सडावरून आलेली घाण कूलरने निघत नाही.

दुकानदार कासेचे महागडे स्प्रे आणि टॉनिक पुढे करतील. पैसे जपून ठेवा, त्यातलं काहीही कोरड्या फडक्याचं काम करत नाही. प्रतिजैविकाची ट्यूब तर पशुवैद्यकाने सांगितल्याशिवाय सडात सोडूच नका. सोडलीच तर लेबलवर दिलेली दूध न घालण्याची मुदत संपेपर्यंत डेअरीत दूध घालू नका.

प्रत्येक जनावराला वेगळं सुती फडकं हवं. एकच सगळीकडे फिरलं तर एकीची दगडी दुसरीला लागते. पावसात फडकी वाळत नाहीत, म्हणून दोन संच ठेवा, उकळून घरात दोरीवर टाका. तरीही वाळली नाहीत तर कागदी टॉवेल वापरा. ओलसर फडकं सडाला लावू नका.