पावसाळ्यात व्हायोलिन सुरात लावायचं म्हणजे

नाशकात जुलैचा पाऊस धरला, गंगापूर धरणातनं पाणी सोडलं, की दोन गोष्टी हमखास होतात, गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पाणी चढतं आणि माझ्या व्हायोलिनच्या खुंट्या अडकून बसतात. लाकूड दमट हवेत फुगतं म्हणून. एप्रिलात बरोब्बर उलटं, केस उघडावी तर खुंटी सटकलेली आणि तार लोळतेय.

अडकलेल्या खुंटीवर जोर काढू नका, बाहेर ओढून थोडा कोरडा साबण घासा. घसरत असेल तर खडू.

आता लावायचं कसं. व्हायोलिन मांडीवर उभं धरा आणि आधी घोडी, म्हणजे तारा टेकतात तो लाकडी तुकडा, बघा, तारा ताणताना ती खुंट्यांकडे कलते, कललेली असेल तर दोन्ही हातांनी हळूच सरळ करा. आणि चारही तारा एकदम सैल करू नका, घोडी पडते, कधीकधी पोटातली आधाराची छोटी लाकडी दांडीही पडते, मग कारागीर गाठायचा.

तारा चार, जाडीकडून बारीककडे जी, डी, ए, ई. सुरुवात ए पासून. ट्यूनर ॲपवर ४४० हर्ट्झ, किंवा घरात पेटी असेल तर पांढरी सहा, म्हणजे सप्तकातली सहावी पांढरी पट्टी. तार आधी किंचित उतरवा, मग खालून वर चढवत न्या, आणि फिरवताना खुंटी आत दाबत राहा, नुसती फिरवली की सोडल्यावर परत मागे येते, नवशिक्यांचं इथेच अडतं.

मग ए आणि डी वर एकत्र गज फिरवा. दोघींमध्ये सा-प चं नातं आहे, कानात ते बसलेलंच असतं. सूर जवळ आला की वांव-वांव-वांव असं हलताना ऐकू येतं, ते हळू हळू होत थांबलं की लागली तार. ॲपपेक्षा मला हेच भरवशाचं वाटतं. तसंच डी वरून जी, आणि ए वरून ई.

ई मात्र खुंटीनं नकोच, खालच्या छोट्या स्क्रूनं, म्हणजे फाइन ट्यूनरनं. मी गणपतीतल्या कार्यक्रमाच्या आदल्या रात्री घाईत खुंटी पिळली, तार टण्णकन तुटली, आणि रात्री दहाला तार कुठून आणणार!

गाण्याच्या साथीला बरेच जण प-सा-प-सा लावतात. सा पांढरी एक धरला तर जी तशीच राहते, बाकीच्या तिन्ही उतरवायच्या, ताण वाढत नाही.

चारही लागल्या की परत ए वाजवून बघा, बाकीच्यांच्या ताणानं ती बहुतेक उतरलेली असते.