प्लाझ्मा कटिंग मशीन अडले की तपास कोठून सुरू करावा

बेळगावच्या उद्यमबागेतील असो वा मच्छे-होनग्याकडील, फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये प्लाझ्मा मशीन, म्हणजे विजेच्या आर्कने तापलेल्या हवेच्या झोताने धातू कापणारे मशीन, अडले की पहिला हात पॉवर सोर्सच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या पेटीच्या, कव्हरकडे जातो. माझ्या मते वेळ आणि पैसा सर्वांत जास्त तेथेच वाया जातो. मी आजवर पाहिलेल्या बहुतेक बिघाडांचे मूळ पेटीच्या बाहेर, म्हणजे हवेत, कामाच्या तुकड्याला लावायच्या अर्थिंग क्लॅम्पमध्ये (चिमट्यात) किंवा कापणाऱ्या टॉर्चच्या टोकाच्या भागांत (इलेक्ट्रोड, नोझल) निघाले. म्हणून तपास बाहेरून आत न्यावा आणि कव्हर सर्वांत शेवटी उघडावे.

मात्र टॉर्चचे नोझल काढण्याआधीसुद्धा मुख्य स्विच बंद करणे आवश्यक आहे, कारण टॉर्चवर दोनशे ते तीनशे व्होल्ट किंवा त्याहून अधिक डीसी विद्युतदाब येऊ शकतो. पेटी उघडायची वेळ आलीच, तर पुरवठा तोडल्यानंतर मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबावे आणि कपॅसिटरवर (वीज साठवणाऱ्या भागावर) विद्युतदाब उरलेला नाही हे मीटरने मोजून पाहावे. दिवा विझला म्हणजे कपॅसिटर रिकामा झाला असे नसते.

आता हवेकडे वळू. एका जुलै महिन्यात मला एका शेडमध्ये बोलावण्यात आले, तेव्हा तेथे सकाळी बसवलेले नोझल दुपारच्या जेवणापूर्वीच फाटत होते. दोन दिवस कंट्रोल कार्ड बदलून पाहण्यात गेले होते. कॉम्प्रेसर शेडच्या मागे पत्र्याच्या आडोशाला होता आणि त्याच्या टाकीचा ड्रेन कॉक गंजून घट्ट बसला होता. पाना लावून तो सैल केला, तेव्हा आधी तांबूस पाण्याची चिळकांडी उडाली, मग दुधासारखे तेलमिश्रित पाणी बराच वेळ वाहत राहिले आणि त्यानंतर कोठे हवा आली. मशीनशेजारच्या फिल्टरची वाटीही गळ्यापर्यंत भरलेली होती. कार्डांत काहीही दोष नव्हता.

यामागचे कारण साधे आहे. ७ बार दाबाला हवेचे आकारमान सुमारे एक अष्टमांश होते, पण तिच्यातील बाष्प तितकेच राहते, आणि हवा थंड होताच ते पाणी होऊन बाहेर पडते. खानापूरपासून बेळगावपर्यंत जून ते सप्टेंबर हवाच ओलसर असते, त्यामुळे उन्हाळ्यात ठीक चालणारी लाइन पावसाळ्यात दगा देते. टाकीचे पाणी रोज काढावे, पावसाळ्यात दिवसातून दोनदा काढावे. रेफ्रिजरेटेड ड्रायर (हवा थंड करून तिच्यातील पाणी काढणारे यंत्र) बसवणे परवडत असेल, तर तो खर्च इलेक्ट्रोड-नोझलच्या बचतीतून भरून निघतो, असा माझा अनुभव आहे.

हवेची परीक्षा घेण्यासाठी आर्क न पेटवता फक्त हवा सोडण्याच्या सेटिंगवर मशीन ठेवावे आणि टॉर्चखाली स्वच्छ पांढरा कागद थोडा वेळ धरावा. कागदावर ओलसर ठिपके उमटले तर पाणी आहे, पिवळट पारदर्शक डाग पडला तर तेल आहे. गेजवरील दाबही हवा वाहत असतानाच वाचावा. थांबलेल्या हवेत ६ बार दाखवणारा गेज हवा सुटताच ४ वर येत असेल, तर फिल्टर तुंबला आहे, पाइप बारीक आहे किंवा कॉम्प्रेसर अपुरा पडतो आहे.

यानंतर टॉर्चचे भाग उजेडात आणून पाहावेत. हवेवर किंवा ऑक्सिजनवर चालणाऱ्या इलेक्ट्रोडच्या तांब्यात मध्यभागी हाफ्नियमचा बारीक ठिपका असतो आणि तेथे हळूहळू वाटीसारखा खड्डा पडत जातो. तो मध्यभागी आणि गोल असेल, तर झीज नैसर्गिक आहे. खड्ड्याची खोली मॉडेलनुसार साधारण १ ते १.६ मिमी झाली की इलेक्ट्रोड बदलावा, नेमका आकडा मॅन्युअलमधूनच घ्यावा. तांब्याचा रंग काळा-निळा झाला असेल, तर थंडावा कमी पडत आहे. नोझलचे भोक अंडाकृती झाले असेल, तर कट तिरका येणारच, तेथे वेग आणि करंट बदलत बसू नये. आतील स्वर्ल रिंगला तडा गेला आहे का किंवा तिची बारीक भोके बुजली आहेत का, हेही पाहावे, कारण हवेला भोवऱ्यासारखे फिरवण्याचे काम तीच करते. इलेक्ट्रोड आणि नोझल जोडीने बदलावेत.

आर्क पेटत नसेल, तर तो कोणत्या टप्प्यावर अडतो हे ओळखावे. ट्रिगर दाबल्यावर हवाच येत नसेल, तर हवेचा दाब, टॉर्चच्या टोकावरील कॅपचा सेफ्टी स्विच आणि वॉटर कूल्ड टॉर्च असल्यास कूलंटचा प्रवाह तपासावा, कारण यांपैकी एकही अट पुरी झाली नाही तर मशीन पुढे जात नाही. हवा येते पण टॉर्चमध्ये ठिणगी पडत नाही, अशा वेळी भाग नीट बसलेले नसतात, किंवा ब्लोबॅक पद्धतीच्या टॉर्चमध्ये (जेथे हवेच्या दाबाने इलेक्ट्रोड मागे सरकून ठिणगी पडते) सरकणारा इलेक्ट्रोड अडकलेला असतो. पायलट आर्क (टॉर्चच्या आत पेटणारा सुरुवातीचा आर्क) पेटतो पण प्लेटवर उतरत नाही, तर अर्थिंग क्लॅम्पकडे जावे. ऊसगाळपाच्या आधी आपल्याकडे ट्रॉलीच्या दुरुस्तीचे काम वाढते, आणि जुन्या रंगलेल्या, गंजलेल्या चॅनेलवर क्लॅम्प तसाच अडकवला जातो. ग्राइंडरने जागा चकचकीत करून क्लॅम्प थेट कामाच्या तुकड्याला लावला की हा दोष बहुधा तेथेच संपतो.

पुरवठा मोजायचा तर तिन्ही फेजमधील विद्युतदाब मशीन कटिंग करत असताना मोजावा. ४१५ व्होल्टच्या मशीनला बहुधा १० टक्के कमी-जास्त चालते, म्हणजे सुमारे ३७५ ते ४५५ व्होल्ट. रिकाम्या वेळी तिन्ही फेज बरोबर दिसतात आणि भार येताच एक कोसळतो, तेव्हा फ्यूज, कॉन्टॅक्टरचे (पुरवठा जोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट आणि केबलच्या टोकाचे लग पाहावेत. जो लग हाताला गरम लागेल तो सदोष, असे अनेकजण सांगतात, पण चालू पॅनेलमध्ये हात घालू नये. पुरवठा बंद करून रंग पालटलेला लग डोळ्यांनी शोधावा.

मशीन चालते, पण कट खराब येतो, तेव्हा प्लेटची खालची कड बोलते. खाली जाड, फुगीर आणि हातोडीच्या हलक्या ठोक्याने निघणारी मळी (वितळून गोठलेला धातू) जमली असेल, तर वेग कमी आहे. बारीक, कडक, ग्राइंडरशिवाय न निघणारी रेघ असेल, तर वेग जास्त आहे. चारही बाजूंना वरची कड जास्त कापली जात असेल, तर टॉर्च उंच आहे. उलट उतार असेल, तर टॉर्च खाली आहे. तुकड्याच्या एकाच बाजूला उतार असेल, तर टॉर्च गुण्यात, म्हणजे प्लेटशी काटकोनात, नाही. फिरत्या हवेमुळे प्रवासाच्या दिशेने उजवी कड सरळ येते, म्हणून बाहेरचा आकार घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आणि छिद्र उलट दिशेने कापावे. प्लेटला सुरुवातीचा छेद घेताना टॉर्च कटिंगच्या उंचीच्या दीडपट ते दुप्पट वर ठेवावा, अन्यथा वितळलेले लोखंड उसळून नोझलवरच बसते.

सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) टेबलवर टॉर्चची उंची आर्क व्होल्टेजवरून राखली जाते. इलेक्ट्रोड झिजला की आर्क लांबतो आणि व्होल्टेज वाढते, मग कंट्रोलर टॉर्चला खाली ओढतो. शिफ्टच्या शेवटी टॉर्च प्लेटला घासू लागला, तर सेन्सर बिघडला असे समजण्याआधी इलेक्ट्रोड पाहावा. स्क्रीन आर्क पेटतानाच गोठत असेल, तर आर्क पेटवणाऱ्या हाय फ्रिक्वेन्सीचा त्रास अर्थिंगमधून येत असण्याची शक्यता मोठी आहे. टेबल, पॉवर सोर्स आणि कंट्रोलर यांच्या अर्थच्या तारा एकाच बिंदूवर आणाव्यात आणि टॉर्चची केबल सिग्नलच्या वायरपासून दूर न्यावी. तांबड्या जांभ्या जमिनीत मार्च-मेमध्ये अर्थपिट (अर्थिंगचा खड्डा) कोरडा पडतो, त्यात त्या महिन्यांत नियमित पाणी घालावे.

एवढे करूनही दोष राहिला, तरच सर्व्हिस इंजिनीअरला बोलवावे, आणि तो येण्यापूर्वी स्क्रीनवरील एरर कोड, वाहत्या हवेचा दाब, तिन्ही फेजचे भारातील आकडे लिहून ठेवावेत व काढलेले इलेक्ट्रोड-नोझल फेकून न देता डबीत जपून ठेवावेत.