कौलारू घरात धुराड्याची चूल बसवायची तर

हल्ली दापोलीजवळच्या मुरुड-कर्दे पट्ट्यात पाहुण्यांना चुलीवरची भाकरी हवी असते, त्यामुळे मागच्या अंगणातली चूल घरात घ्यायचं काम माझ्याकडे वरचेवर येतं. मी गवंडी. लोक चुलीचा आकार, वैल (बाजूची जोडचूल) किती, हे विचारतात. मी आधी छपराकडे बघतो. चूल आवडली नाही तर मोडून दुसरी घालता येते. धुराची वाट मात्र एकदाच ठरते.

चूल चिऱ्याच्या भिंतीला लावून घ्या, कुडाच्या (काटक्या-मातीच्या) भिंतीला नको. गॅसचा सिलिंडर आणि नळी त्या बाजूला नकोच. मग ओळंबा (वजन बांधलेली दोरी) सोडा. धुराड्याची रेघ दोन वाशांच्या मधून सरळ वर गेली पाहिजे. वाकवायचंच झालं तर तिरकं वाकवा, आडवा पाईप कधीच नको. आडव्यात काजळी साठते आणि धूर वर खेचणारी ओढ मरते.

एकेरी पत्र्याचा पाईप लाकडापासून दीड फूट लांब हवा. आपल्या वाशांत एवढी जागा कुठून येणार? म्हणून छपरातून जाणारा तुकडा स्टीलचा, दुहेरी, मध्ये रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी लोकर) भरलेला घ्यायचा. त्यावर कंपनीने जेवढं अंतर लिहिलंय, बहुतेकदा दोन इंच, तेवढं मोकळं सोडायचं. त्या फटीत गोणपाट किंवा पेंढा कोंबू नका. पाऊस आत येतो म्हणून कोंबणारे मी पाहिलेत! वर्षानुवर्षं शेकलेला वासा पुढे थोड्या उष्णतेवरही पेटतो, आणि तो आधी कळवत नाही. पीव्हीसी पाईपचं तर नावच काढू नका.

पावसासाठी पाईपाभोवती पत्र्याची चौकट बसते: तिची वरची कड वरच्या कौलांखाली, खालची कड खालच्या कौलांवर. पाईपाचे तुकडे जोडताना वरच्याचं तोंड खालच्याच्या आत. बाहेरून दिसायला उलटं वाटतं, पण काजळीचं काळं पाणी त्यानेच आतल्या आत चुलीत उतरतं, नाहीतर भिंतीवर ओघळ येतात.

छपरातून पाईप निदान तीन फूट बाहेर काढा, आणि दहा फुटांच्या आत छपराचा जो भाग असेल त्याच्यापेक्षा दोन फूट उंच. कमी ठेवलात तर पावसाळ्यात समुद्रावरून येणारा वारा मोभ (छपराचा कणा) ओलांडून खाली उतरतो आणि धूर माघारी स्वयंपाकघरात. एवढी उंची म्हणजे पाईपाला तारेचे ताण द्यायलाच हवेत; २०२० च्या निसर्ग वादळानंतर ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. टोपी घाला, पण धुराला बाजूने मोकळी वाट राहील अशी.

चुलीची माती पूर्ण वाळू द्या, मग सुरुवातीला काटक्यांचा बारीक जाळ. तत्पूर्वी खिडक्या लावून, एक्झॉस्ट पंखा चालू करून चुलीच्या तोंडाशी उदबत्ती धरा. धूर खोलीकडे वळला तर पंखा धुराड्यातूनच हवा ओढतोय. चूल पेटलेली असताना तो बंद ठेवा आणि हवेला भिंतीत खाली झरोका पाडा. दार लावून निखाऱ्यांशेजारी झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखून मळमळतं, तेही जाग असेल तर. त्याचा अलार्म विकत मिळतो, पाहुणे ठेवणाऱ्यांनी तर घ्यावाच.

जळण सुकं हवं. काजूची टरफलं आत जाळू नका, त्यांच्या तेलाचा धूर डोळ्याघशाला झोंबतो. किनाऱ्यावर वाहून आलेला ओंडकाही नको. त्यातलं मीठ पाईप खातं आणि धूरही विषारी होतो.

धुराड्याच्या तळाशी काजळी काढायला झाकणाचं दार आधीच ठेवून घ्या. आत पाव इंच थर दिसला की वरून तारेचा ब्रश सोडायचा. निदान पावसाच्या आधी एकदा आणि गणपती उरकल्यावर एकदा बघाच. शिडी कौलांवर टेकवू नका, आणि टोपीत चिमणीचं घरटं नाही ना, तेही तेव्हाच बघून घ्या.