गाडी तिथे नव्हतीच, तरी नोटीस आली तर

जळगावच्या कोर्टात एका वकीलसाहेबांकडे मी कारकुनी करतो. मोटार अपघाताचे दावे हे आमच्या टेबलावरचं रोजचं काम. बहुतेक दावे खरे असतात, हे आधीच सांगून ठेवतो. पण अधूनमधून कोणी नोटिशीची घडी हातात घेऊन येतो आणि खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणतो, "भो, मनी गाडी तठे व्हतीच नही!" असं म्हणणाऱ्यांतले काही खोटं बोलत असतात. जे खरं बोलतात त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी हे होतं कसं ते समजून घ्या, कारण बचाव त्यातूनच सापडतो. धडक देऊन पळालेलं वाहन सापडलंच नाही, तर सरकारी योजनेतून मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये मिळतात. वाहन सापडलं आणि त्याचा विमा असला, तर न्यायाधिकरण, म्हणजे मोटार अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणारं कोर्ट, मृताचं वय, कमाई आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं बघून भरपाई ठरवतं. ती रक्कम कितीतरी पट मोठी असते. वाहन सापडलं पण विमा नाही, तर निकाल हातात येतो आणि पैसे येत नाहीत. आणि कोणी आपणहून मोटारसायकल घसरून पडला असेल, तर त्याला दुसऱ्या कोणाकडून काहीच मागता येत नाही. या फरकात दलाल शिरतो आणि विमा चालू असलेल्या एखाद्या गाडीचा नंबर कागदात घुसवतो. उत्तर प्रदेशात असे दावे इतके वाढले की २०१५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या आदेशाने विशेष तपास पथक नेमावं लागलं.

याशिवाय साधी चूकही असते. रात्रीची वेळ, पाटीवर चिखल, आणि एमएच १८ च्या जागी एमएच १९ लिहिलं की धुळ्याची गाडी जळगावची होते. म्हणून समोरचा अर्जदार चोरच आहे असं धरून चालू नका. अनेकदा त्याच्या घरचा माणूस खरोखरच गेलेला असतो आणि नंबर कोणी दिला हे त्यालाही धड माहीत नसतं. त्याच्या दारात जाऊन भांडू तर अजिबात नका.

बेलिफ, म्हणजे नोटीस घेऊन येणारा कोर्टाचा माणूस, आला तर नोटीस घ्या. नाही घेतली म्हणून दावा थांबत नाही, तो तुमच्या पाठीमागे चालतो. नोटिशीवर दाव्याचा क्रमांक, न्यायाधिकरणाचं नाव, तारीख आणि तुम्ही कितवे सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध दावा लावलाय ते) आहात ते बघा. सोबत अर्जाची आणि कागदपत्रांची प्रत नसेल तर ती मागून घ्या. दावा ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवरही सापडतो. अर्जात तुमच्या विमा कंपनीचं नाव बरोबर आहे म्हणून हबकून जाऊ नका, गाडीच्या नंबरावरून ती माहिती ऑनलाइन कोणालाही मिळते. आणखी एक गोष्ट आपल्या भागात लोकांना चकित करते. अर्जदाराला जिथे अपघात झाला तिथे, तो स्वतः राहतो तिथे, किंवा सामनेवाला राहतो तिथे दावा लावता येतो. त्यामुळे रावेरच्या माणसाला बऱ्हाणपूरहून हिंदीत किंवा नवापूरच्या माणसाला सुरतेहून गुजरातीत कागद येऊ शकतो. तिथलाच वकील लावावा लागतो, इथे बसून चालत नाही.

त्याच दिवशी विमा कंपनीला पत्र लिहा. दाव्याचा क्रमांक, तारीख, पॉलिसी, आर.सी. (गाडीच्या नोंदणीचं पुस्तक), त्या दिवशी गाडी चालवणाऱ्याचं लायसन, आणि स्पष्ट वाक्य: या अपघातात माझ्या गाडीचा काहीही संबंध नाही, कृपया तपास करावा. ईमेल करा, शिवाय शाखेत नेऊन देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. एजंटला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला म्हणजे कंपनीला कळवलं, असं होत नाही. कंपनी आपला तपासनीस लावते, आणि खोट्या दाव्यात कंपनीचा स्वार्थ तुमच्याच बाजूचा असतो. तरीसुद्धा कंपनीचा वकील हा तुमचा वकील नव्हे. लायसनची मुदत संपलेली निघाली किंवा खाजगी गाडी भाड्याने फिरवल्याचं दिसलं, तर हाच वकील उभा राहून म्हणतो की पॉलिसीच्या अटीचा भंग झाला, आधी आम्ही भरू पण मालकाकडून वसूल करून द्या. तेव्हा स्वतःचं वकीलपत्र वेगळं दाखल करा.

आता पोलिसांचे कागद. अशा दाव्यांचं खरं-खोटं मला तरी इथेच दिसत आलंय, म्हणून यावर वेळ घालवा. फिर्याद, स्थळ पंचनामा, साक्षीदारांचे जबाब, वाहनाच्या तपासणीचा आर.टी.ओ. अहवाल, दोषारोपपत्र आणि दवाखान्याची कागदपत्रं, सगळ्यांच्या प्रती काढा आणि तारखेप्रमाणे लावा. मग एकच प्रश्न घेऊन वाचत जा: माझा नंबर पहिल्यांदा कोणत्या कागदात आला? २०२२ च्या नियमांप्रमाणे अपघाताचा पहिला अहवाल पोलिसांनी ४८ तासांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. त्यात काय लिहिलंय तेही बघा.

धरणगावच्या एका मास्तरांचं प्रकरण आमच्याकडे होतं. फिर्यादीत "अज्ञात चारचाकी". पंचनाम्यात काचेचा तुकडा नाही, रंगाचा ओरखडा नाही. तीन आठवड्यांनी एका साक्षीदाराला अचानक पूर्ण नंबर आठवला, पण गाडीचा रंग आठवेना. दवाखान्याच्या पहिल्या केसपेपरवर मात्र, जखमीला आणलं त्याच रात्री, डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं: मोटारसायकल घसरून पडल्याने. दवाखान्यातला हा पहिला मजकूर लोक वाचतच नाहीत, कारण अक्षर लागत नाही. अक्षर लावून घ्या, हवं तर औषधाच्या दुकानात नेऊन वाचून घ्या. फक्त एवढं ध्यानात असू द्या की फिर्याद उशिरा दिली, एवढ्याच मुद्द्यावर दावा पडत नाही. घरचा माणूस अतिदक्षता विभागात असताना कोण आधी पोलीस ठाण्यात जातो, असं न्यायालय म्हणतं, आणि ते बरोबरच आहे. उशीर, अचानक आलेला साक्षीदार, न जुळणारं नुकसान आणि केसपेपर, हे सगळं एकत्र मांडावं लागतं.

दुसरी बाजू म्हणजे गाडी तेव्हा कुठे होती. हे पुरावे लवकर नासतात. दुकानाच्या सीसीटीव्हीवर थोड्याच दिवसांत नवीन चित्रण जुन्यावर चढतं, म्हणून पहिली धाव तिकडे. फास्टॅगचं स्टेटमेंट बँकेकडून काढा. मास्तरांवर आरोप होता की रात्री आठला पाळधीजवळ धडक दिली. त्यांच्या फास्टॅगवर त्याच सुमारास धुळ्याच्या पलीकडे लळिंगचा टोल कापलेला होता. समोरच्या वकिलांनी लगेच विचारलं, टॅग त्याच गाडीवर होता कशावरून? म्हणून एका पुराव्यावर विसंबू नका. मास्तरांनी मालेगावच्या साखरपुड्याचा व्हिडिओ आणला. त्यात मांडवाच्या कडेला त्यांची गाडी नंबरप्लेटसकट उभी होती आणि पाहुणे तिच्या बॉनेटवर चहाचे कप ठेवत होते. पेट्रोल पंपावरचं यूपीआय पेमेंट, सर्व्हिसिंगचं जॉबकार्ड, शाळेचं किंवा कारखान्याचं हजेरीपत्रक, सगळं चालतं. मोबाईल टॉवरची नोंद तुम्हाला परस्पर मिळत नाही, न्यायाधिकरणात अर्ज देऊन मागवावी लागते. व्हिडिओ किंवा मोबाईलमधला पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते वकील करून देतात, पण मूळ मोबाईल विकू नका आणि त्यातलं पुसूही नका.

गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा. जुना ओरखडा असेल तर तो आता घाईने डेंटिंग-पेंटिंग करून बुजवू नका. उलटा संशय येतो.

मग लेखी कैफियत. अर्जातला प्रत्येक परिच्छेद घेऊन त्याला उत्तर द्यायचं असतं. "सर्व मजकूर खोटा आहे" एवढ्यावर भागवलं, तर जे नेमकेपणाने नाकारलं नाही ते मान्य धरलं जाण्याचा धोका असतो. तारीख, वेळ, गाडी कुठे होती, कोण चालवत होतं, आणि सोबत पुरावे. फौजदारी खटल्यासारखा संशयाचा फायदा इथे मिळत नाही. कोणाची बाजू जास्त संभवनीय वाटते, यावर निकाल होतो. म्हणून मी पक्षकारांना सांगतो की गप्प बसलेला सामनेवाला इथे हरायलाच बसलेला असतो.

पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं तर जा. त्या वेळी गाडी कोण चालवत होतं ही माहिती मालकाने देणं कायद्याने बंधनकारक आहे. पण जबाब वाचून सही करा आणि कोऱ्या कागदावर करू नका. "लायसनवाला दुसरा ड्रायव्हर दाखवून टाकू, कंपनी भरेल, तुमचं काय जातं" असा सल्ला देणारे चहाच्या टपरीवर भेटतात. तसं केलंत तर ज्या खोट्याविरुद्ध लढताय त्यात तुम्हीही सामील झालात. मांडवलीचे पैसे मागणाऱ्यालाही काही देऊ नका; तुम्ही दिलेला रुपया उद्या कबुली म्हणून पुढे येतो. त्याचा मेसेज जपून ठेवा आणि पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्या. गुन्ह्यात नाव आलंच असेल तर तो खटला वेगळा चालतो. तो रद्द करून घ्यायला छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जावं लागतं, कारण जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे त्याच खंडपीठाखाली येतात.

विकलेल्या गाडीची नोटीस हा वेगळाच ताप. गाडी दोन वर्षांपूर्वी शिरपूरच्या कोणाला दिली, पैसे आले, पण आर.सी.वर नाव तुमचंच. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सांगितलं की नोंदीवर ज्याचं नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. अशा वेळी "माझी गाडी नव्हती" हे उत्तर पुरत नाही. विक्रीची पावती आणि ताबा दिल्याचा कागद शोधा, घेणाऱ्याला दाव्यात सामील करून घ्या, आणि सगळ्यात आधी अपघाताच्या दिवशी त्या गाडीचा विमा चालू होता का ते तपासा. थर्ड पार्टीचा, म्हणजे गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीचा विमा गाडीबरोबर जातो, त्यामुळे तो असला की निम्मी काळजी मिटते. यापुढे गाडी विकाल तेव्हा १४ दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचं असतं, ते स्वतः जाऊन करा.

काहींना मात्र कोर्टाची नोटीस येत नाही. पॉलिसीच्या नूतनीकरणाला कळतं की नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) शून्यावर आलाय, कारण तुमच्या पॉलिसीवर कोणीतरी दुरुस्तीचा क्लेम उचललाय. थर्ड पार्टीच्या दाव्याने हा बोनस जात नाही, तेव्हा क्लेम गाडीच्या नुकसानीचाच असणार. कंपनीकडे क्लेम क्रमांक, सर्व्हेचा अहवाल, फोटो आणि गॅरेजचं बिल लेखी मागा. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ऐकलं नाही तर विमा नियामकाचं बिमा भरोसा पोर्टल किंवा १५५२५५ हा क्रमांक, आणि त्यानंतर पुण्याचे विमा लोकपाल. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही, पण कंपनीने तक्रार नाकारल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं.

राहता राहिला तो, ज्याने तारीख चुकवली आणि एकतर्फा निकाल लागला. तो रद्द करण्यासाठी त्याच न्यायाधिकरणात लगेच अर्ज द्या; नोटीस खरोखर मिळाली नव्हती, तर बेलिफाचा अहवाल काढून दाखवा. उच्च न्यायालयात अपिलाला ९० दिवस असतात. ज्याच्यावर रक्कम भरायचा आदेश आहे त्याला २५ हजार रुपये किंवा निम्मी रक्कम, जे कमी असेल ते आधी जमा करावं लागतं. वादातली रक्कम १ लाखाच्या आत असेल तर अपीलच होत नाही. निकाल कळला त्याच दिवशी नक्कल विभागात अर्ज टाका, कारण नक्कल मिळायला लागलेले दिवस या मुदतीतून वजा होतात.