काबुकीच्या प्रिंट्स भिंतीवर लावताय? या चुका टाळा

जपानी वुडब्लॉक प्रिंट, म्हणजे लाकडी ठशांनी छापलेलं चित्र म्हटलं की सगळे चित्रकार होकुसाईची लाट लावतात, पण मला विचाराल तर खरी मजा काबुकी या पारंपरिक जपानी नाटकातल्या नटांच्या चित्रांत आहे. एदो म्हणजे आजच्या टोकियोत लोक ही चित्रं आवडत्या नटासाठी विकत घ्यायचे, त्यामुळे प्रत्येक चित्रात ठराविक नट ठराविक भूमिकेत असतो, आणि सजावटीतल्या निम्म्या चुका हे माहीत नसल्यामुळेच होतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चित्र कोणाचं आहे ते न बघता रंग आवडला म्हणून लावणं. नट वारल्यावर त्याच्या आठवणीत छापलेली चित्रंही असायची, त्यांना शिनी-ए म्हणतात. इचिकावा दान्जूरो (हे घराण्याचं नाव घेणारा आठवा नट) 1854 मध्ये ओसाकात ऐन तिशीत आत्महत्या करून गेला तेव्हा अशी चित्रं ढिगाने निघाली. फिकट निळा पोशाख, हातात जपमाळ, बाजूला मृत्यूची तारीख, दिसायला अतिशय शांत आणि सुंदर, म्हणून कोणीतरी ते नव्या घराच्या वास्तुशांतीला भेट देतं! ऑर्डर करण्याआधी म्युझियमच्या वेबसाईटवर चित्राची माहिती वाचा, पाच मिनिटांचं काम आहे. आणि चित्रातली बाई बहुतेक वेळा बाई नसते, तो ओन्नागाता म्हणजे स्त्री भूमिका करणारा पुरुष नट असतो. बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला हे वेगळं सांगायला नको, तरी 'गेशाचं चित्र' म्हणून सर्रास विकतात.

दुसरं, तीन भागांच्या चित्रातला एकच भाग घेणं. चित्रकार कुनिसादाची कितीतरी चित्रं तीन कागद शेजारी ठेवून पूर्ण होतात. कडेला तलवार, फांदी किंवा बाही मध्येच कापलेली दिसली की समजा बाकीचं चित्र दुसरीकडे आहे. तिन्ही असतील तर क्रम बरोबर लावा (जपानी वाचन उजवीकडून सुरू होतं, त्यामुळे कागद 1 उजवीकडे येतो) आणि तीन फ्रेममध्ये वीतभर जागा सोडू नका, त्यापेक्षा एकाच फ्रेममध्ये तिन्ही बसवा. चित्रकार शाराकूचा तो प्रसिद्ध चेहरा, छातीपाशी दोन्ही पंजे ताणलेला, तो एदोबेई नावाचा दरोडा घालणारा खलनायक, 1794 च्या नाटकातला. तो ज्याच्यावर चाल करून जातो त्या इप्पेईचंही चित्र आहे, दोघांची तोंडं एकमेकांकडे येतील असं शेजारी लावून बघा, अख्खा प्रसंग उभा राहतो.

चित्र उलटं म्हणजे आरशातल्यासारखं छापलेलंही मिळतं. किमोनोची डावी बाजू उजवीवर येते, म्हणजे समोरून बघताना वरची पट्टी आपल्या उजवीकडून खाली डावीकडे उतरते. उलटी दिसली तर म्युझियमच्या फोटोशी ताडून बघा, कारण उजवी बाजू वर फक्त मृताला नेसवतात.

साईज! मूळ ओबान (त्या काळचा नेहमीचा आकार) कागद साधारण 39 बाय 26 सेंमी, हातात धरून बघायचं चित्र. त्याचं चार फुटी पोस्टर केलं की केसांच्या बारीक रेषा जाड आणि अस्पष्ट होतात. मोठी भिंत भरायची असेल तर मूळ साईजच्याच चार-पाच प्रिंट्स एकत्र लावा. मेट्रोपॉलिटन म्युझियम आणि आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागोच्या साईटवर अशी बरीच चित्रं मोठ्या रिझोल्यूशनमध्ये फुकट मिळतात, तीच घ्या. छापताना मॅट कागद, ग्लॉसी अजिबात नको. शाराकूच्या त्या चित्रांची काळी पार्श्वभूमी अभ्रकाची पूड वापरून केलेली, ती चमक ग्लॉसी कागदावर येत नाही, उलट ट्यूबलाईटचं प्रतिबिंब तेवढं येतं. दुकानदाराला रंग 'ब्राईट' करू देऊ नका, आणि फ्रेमवाल्याला सांगा की माउंटखाली (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली) सही, शिक्के आणि बाहीवरचं नटाचं चिन्ह झाकायचं नाही. दान्जूरो घराण्याचे एकात एक तीन चौकोन झाकले तर नट ओळखणार कसा?

आता पावसाळा. मुंबई-कोकणात फ्रेममधला कागद लाटांसारखा फुगतो, कारण तो चारही बाजूंनी चिकटवलेला असतो आणि ओलाव्याने पसरायला जागा नसते. फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी चिकटवून सोडायचा. काच कागदाला टेकता कामा नये, मधे माउंट हवाच, तोही ॲसिड-फ्री. बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीवर लावूच नका, आतल्या भिंतीवरही फ्रेमच्या मागे कोपऱ्यांत रबराच्या बारीक गोळ्या लावा म्हणजे हवा खेळते. थेट ऊन टाळा, साध्या डाय इंकच्या प्रिंटचा लाल रंग लवकर उडतो, पिगमेंट इंक मागून घ्या. कागद काचेला चिकटलाच असेल तर ओढू नका. डिजिटल प्रिंट असेल तर सरळ नवीन काढा, पण हाताने ठसे कोरून छापलेली प्रतिकृती असेल तर काचेसकट कागद-संवर्धन करणाऱ्याकडे न्या.